गेटमन बाहेर येत नाही

६ जानेवारी, सोमवार

मास्तरांचा फोन आला. एकदाचे येणार म्हणे! दोन फेब्रुवारीला, रविवारी, सकाळी दहाला. चौघंजण आणि एक टेम्पो. यांची टेबलावरची छोटी रेल्वे घेऊन जाणार. मंडळाला जुन्या शाळेतला एक वर्ग कायमचा मिळालाय, तिथे मांडणार, दारावर यांच्या नावाची पाटी लावणार.

मास्तर म्हणजे छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेल्यांच्या मंडळाचे सचिव. मास्तर कसले — आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं. पण गळ्यात शिट्टी घालून हिंडतात, म्हणून सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. यांना ते भाऊ म्हणायचे.

"वहिनी, सगळं चालतंय ना?"

"चालतंय," म्हटलं. "गेटमन सोडून."

"हां, तो! भाऊंनी काय जीव टाकला हो त्या गेटमनपायी! पाच महिने! मी म्हटलं होतं, मी येतो, दोघं मिळून बघू. तर म्हणाले, नको, घरातला दोष आहे, घरातच सापडेल."

पुढे काय बोलले ते ऐकलं नाही. दूध उतू गेलं होतं. गॅस पुसत बसले, पुसून झाला तरी.

७ जानेवारी, मंगळवार

मागच्या खोलीचं दार उघडलं. हे गेल्यापासून तिसऱ्यांदा. चादर काढली. खाली सगळं जसंच्या तसं. आठ फूट लांब, चार फूट रुंद टेबल. त्यावर डोंगर, बोगदा, स्टेशन, दोन घरं. पुढच्या कडेला रेल्वेचं फाटक. फाटकाशेजारी गेटमनची खोली — काडेपेटीहून थोडी मोठी.

गाडी सोडली. बटण एकच, गाडीचं. बाकी सगळं गाडीनेच करायचं, हेच तर यांचं वेड! "आपण हात लावायचा नाही. गाडी आली हे फाटकाला आपोआप कळलं पाहिजे." गाडी बोगद्यातून बाहेर आली की दोन लाल दिवे लुकलुकतात, फाटक खाली येतं, स्टेशनात घंटा वाजते, आणि गेटमन दार ढकलून बाहेर येतो, हिरवा झेंडा धरून उभा राहतो. गाडी गेली की तो आत, फाटक वर, दिवे बंद.

दिवे लागले. फाटक पडलं. घंटा वाजली.

दार बंदच.

करंगळीच्या पेराएवढा माणूस आहे तो. त्याच्या हातातला झेंडा मी शिवलेला. एका कोटाच्या अस्तरातून उरलेली हिरवी चिंधी, टाचणीला गुंडाळून दोन टाके. त्या सबंध टेबलावर माझं म्हणून तेवढंच.

चादर पुन्हा घातली. कोपरे नीट ओढून.

९ जानेवारी, गुरुवार

लिहूनच टाकते. कोण वाचणार आहे!

गेल्याच्या गेल्या वर्षी, सोळा ऑक्टोबर. वाचनालयात वाचकांचा कार्यक्रम होता. मी दोन इयत्ता शिकलेली. वाचायला लागले तिशीत — आधी शिवणाच्या कागदी नमुन्यांवरून, मग पुड्यांच्या कागदांवरून, मग यांच्या माहितीपुस्तकांवरून. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. "ब्रेकची पट्टी झिजल्यास त्वरित बदलावी" हे मी न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य! हे इतके हसले होते, की शेजारीण बघायला आली.

तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, यंदा एक पान तुम्ही वाचायचं, सगळ्यांसमोर. आठवडाभर शिलाई मशीनला ऐकवलं. हे म्हणाले, "पहिल्या रांगेत बसतो बघ. पहिली टाळी माझी."

पहिल्या रांगेत मी पिशवी ठेवून खुर्ची राखली. एक बाई दोनदा विचारून गेल्या, "इथे कोणी आहे का?" दोनदा "आहे" म्हटलं. तिसऱ्यांदा पिशवी उचलली.

घरी आले तर हे टेबलाखाली. पाय तेवढे बाहेर.

"आलीस? अगं ये, ये, बघ! आला बाहेर! तीन दिवस अडकत होता, आज आला एकदाचा!" तोंड घामाने डबडबलेलं, केसांत भुसा. आणि इतके खूश! कार्यक्रमाची आठवणसुद्धा नाही.

मी म्हटलं, "छान."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले. मी शिवणाची कात्री घेतली, टेबल आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घातला आणि हाताला लागली ती वायर कापली. एकच. पिवळी. कचकन आवाज आला. टोकं आत सारून दिली. कात्री पुसून जागेवर ठेवली. पुसायचं काय होतं तिला? काही नाही. पण पुसली.

आज एवढंच.

१२ जानेवारी, रविवार

पुढचंही लिहिते.

त्या संध्याकाळी गाडी सोडली. गेटमन आला नाही. यांनी त्याच्या दारावर टिचकी मारली — "काय रे, रुसलास?"

मला वाटलं, दोन दिवसांत सापडेल. आरडाओरडा होईल. मग मीही ओरडेन — खुर्चीवरून, पिशवीवरून. भांडण तयार ठेवलं होतं मी, शब्दन् शब्द! पण सापडलंच नाही. चौदा मजली इमारतीतल्या लिफ्टचा दोष नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस, त्याला घरातली एक कापलेली वायर सापडेना!

तिसऱ्या संध्याकाळी राहवेना. तोंडातून "मी कापली" निघायचं, त्याऐवजी निघालं, "टॉर्च धरू का?"

हे टेबलाखालून म्हणाले, "धर की."

त्या रविवारी मी बाजारातून आले तर यांनी टेबलाच्या मागच्या बाजूला सबंध फळी बसवलेली. आठ स्क्रू. "धूळ जाते गं आत," म्हणाले. मी पाहतच राहिले. कापलेली जागा नेमकी त्या फळीमागे! मला — लिहायलाच हवं — हायसं वाटलं. आता कधीच कळणार नाही.

आणि मग पाच महिने. रोज चहा झाला की हे फरशीवर आडवे, आणि मी स्टुलावर टॉर्च घेऊन. इकडे धर, जरा डावीकडे, हं. जी वायर कापलीच नाही तीच दहादा तपासायची. एकदा म्हणाले, "नुसती बसून कंटाळशील. काही वाच ना मोठ्याने." मग एका हातात टॉर्च, मांडीवर पुस्तक. नोव्हेंबरात एक जाड पुस्तक संपवलं. डिसेंबरात दुसरं. एका संध्याकाळी म्हणाले, "ते वाचनालयातलं पान वाच. त्या दिवशी मी आलो नव्हतो."

म्हणजे आठवलं होतं!

मी वाचलं. संपल्यावर टेबलाखालून टाळी आली. जोरात वाजवायला गेले तर हात फळीवर आपटला. "आई गं!" आणि हसले.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ माणसाला मिळते का? मी म्हटलं, "लागलं का?"

मार्चात हे गेले. सकाळी, कामावर निघताना, एक मोजा घालून झाला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, अचानक. मी विचारलं, गार फरशीवर पाठ टेकून पडण्याने होतं का असं? ते म्हणाले, नाही हो, काही संबंध नाही. दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाले. ते डॉक्टर आहेत. पण त्यांना कात्रीचं ठाऊक नाही.

माणसाचे शेवटचे पाच महिने. मी ते फरशीवर घालवायला लावले.

१५ जानेवारी, बुधवार

लेकीचा फोन. "बरं झालं आई, ती खोली मोकळी होईल. तुझं मशीन तिकडे हलव, उजेड चांगला आहे."

"बघू."

"बघू काय? गेटमनसकट देऊन टाक. त्या मुक्या माणसाचं काय करणार तू?"

मुका! शब्द कसे अचूक निघतात हिच्या तोंडून. लहानपणापासून.

ठरवलं — मंडळी दोन तारखेला येण्याआधी मी गेटमनला बाहेर काढणार. मीच आत घातलाय.

१८ जानेवारी, शनिवार

यांचा खण उघडला. वायरींची वही सापडली. अक्षर किती नीट! प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर आकडा. वहीत त्या आकड्यापुढे ती कुठून कुठे जाते ते. चौदा नंबर — "बोगद्यापुढचा स्विच ते गेटमन. पिवळी." म्हणजे मी कापली ती चौदा. इतक्या दिवसांनी तिची ओळख झाली.

वहीच्या मागच्या अर्ध्या भागात दोष. तारीख, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. घंटा अडकली — एक पान. दिवा उडाला — अर्धं पान. चाकाला केस गुंडाळला गेला — "केस हिचा!" असं लिहून खाली रेघ. गेटमनचा दोष मात्र कुठेच नाही. ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही. पाच महिन्यांचं एक अक्षर नाही!

सापडला नाही याची लाज वाटली असणार त्यांना. ते मी केलं.

खणात खाली कार्डांचा गठ्ठा. लाल कडेची, दोरा ओवलेली. कामावर लिफ्ट बंद केली की बटणाला ते कार्ड बांधायचं, नाहीतर दुसरा कोणी येऊन चालू करतो आणि आतला माणूस चेपतो. त्यावर चार ओळी छापलेल्या — बंद करणारा, तारीख, कारण, पुन्हा सुरू केव्हा. आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, साहेब आला तरी दुसऱ्याने नाही. ही सवय घरातही! गीझरला कार्ड, मिक्सरला कार्ड. "बंद न सांगता ठेवणं हा गुन्हा आहे," म्हणायचे. एकदा तापाने पडले होते तर पलंगाच्या दांडीला कार्ड. बंद करणारा : मी स्वतः. कारण : ताप. पुन्हा सुरू : चहा मिळाल्यावर. लेक तेव्हा सहावीत होती, हसून लोळली.

मीही हसले आज. मग दार लावून घेतलं.

२१ जानेवारी, मंगळवार

शिकतेय. साठीनंतर पुन्हा पहिलीत!

गाडीला हात न लावता फाटकाला कसं कळतं, ते कळलं. रुळांच्या मध्ये एक काचेची नळी पुरलेली असते, वहीतला स्विच म्हणजे तीच, दोन तांदूळ टोकाला टोक लावून ठेवावेत तेवढी. आत पोलादाच्या दोन पट्ट्या, मध्ये केसाएवढं अंतर. इंजिनाच्या पोटाला लोहचुंबक. इंजिन वरून गेलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, वीज वाहते, खालचा रिले, म्हणजे विजेवर हलणारा खटका, टक् करतो, आणि फाटक पडतं. इंजिन पुढे गेलं की पट्ट्या पुन्हा दूर.

नुसतं जवळून गेलं तरी कळतं. सांगावं लागत नाही!

फळी मला एकटीला काढता येणार नाही, टेबल भिंतीला टेकलंय आणि माझ्या एकटीने हलत नाही. आणि दुसरं माणूस बोलवायचं म्हणजे सांगणं आलं. म्हणून दुसरी वाट. फाटकाजवळ पुढच्या बाजूने नवी नळी बसवायची, नवी वायर थेट गेटमनच्या मोटरला. जुनी चौदा नंबर राहील तशीच, फळीमागे.

खणात नळ्या चार होत्या. आता दोन. टोकाच्या तारा वाकवताना तडकल्या. मग वहीत वाचलं — "काचेजवळ चिमट्याने धरून मगच वाकवणे." आधी वाचायला काय झालं होतं? वाचणारी म्हणवते!

२३ जानेवारी, गुरुवार

वायर जोडायला सोल्डर करताना, म्हणजे डाग देताना, अंगठा भाजला. मशीनचं काम दोन दिवस बंद. कार्ड लावावं का अंगठ्याला?

२६ जानेवारी, रविवार

आला! आला बाहेर!

पण गाडी गेल्यावर.

दिवे लागले, फाटक पडलं, गाडी धडधडत फाटकातून गेली, शेवटचा डबा गेला — आणि मग याचं दार उघडलं. ऐटीत बाहेर आला. झेंडा धरून उभा. समोर रिकामे रूळ! कोणाला दाखवतोयस बाबा?

मी मोठ्याने हसले. मग हसू कुठे गेलं कळलं नाही, स्टुलावर बसून रडले. फार दिवसांनी. हे गेल्यावर लोक भेटायला येत तेव्हाही एवढी रडले नव्हते.

वही पाहिली. यांनी लिहिलंय — "फाटकाला आधी कळलं पाहिजे. स्विच दीड हात अलीकडे. गाडी दारात आल्यावर कळून काय उपयोग!"

दीड हात अलीकडे म्हणजे डोंगराखाली. तिथे माझा हात पोचत नाही.

असू दे. उशिरा का होईना, येतोय. मास्तर खूश होतील. कोणाला काही सांगावं लागणार नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि वाचलं. कसली बाई आहे मी!

२७ जानेवारी, सोमवार

मास्तरांचा फोन. "वहिनी, एक सांगायचं राहिलं. डोंगर अख्खा दारातून निघणार नाही. टेबल दोन तुकड्यांचं आहे, जोडाचे नट मागच्या फळीच्या आत. तेव्हा फळी काढावी लागेल."

"फळी?" मी म्हटलं.

"घाबरू नका, काही मोडत नाही! उलट बरंच. भाऊंचा दोष नक्की तिथेच असणार. फळीमागे बघायचं राहिलं असेल त्यांचं. आमच्यातला एकजण तर तेवढ्यासाठीच येतोय — म्हणतो, भाऊंना जे सापडलं नाही ते मी शोधतो! पैज लागलीय."

पैज लागलीय. चार माणसं, टॉर्च घेऊन, माझ्या कात्रीच्या खुणेभोवती उभी राहणार. कात्रीने कापलेलं टोक लपत नाही. मी आयुष्यभर कापते आहे, मला ठाऊक आहे.

दुपारभर एकच विचार — फळी कशी तरी सैल करून टोकं खरवडता येतील का? उंदराने कुरतडल्यासारखी दिसतील का? उंदीर! आता उंदरावर ढकलायला निघाले. बंद न सांगता ठेवणं हा गुन्हा आहे म्हणणाऱ्या माणसाची बायको.

२९ जानेवारी, बुधवार

लेकीला सांगितलं. फोनवर. समोर सांगायची हिंमत नव्हती आणि रविवारपर्यंत थांबायचीही नव्हती.

आधी वाटलं तिला, मी गंमत करतेय. "काय कापलंस?"

सगळं सांगितलं. खुर्ची, पिशवी, कात्री, टॉर्च.

मग — "बाबांना कळलं होतं?"

"नाही."

"मी आले होते जानेवारीत. ते खाली झोपले होते. मी म्हटलं, बाबा उठा, फरशी गार आहे. ते म्हणाले, थांब, सापडत आलंय. आई, तू तिथे बसली होतीस! टॉर्च धरून!"

"हो."

"आणि वाचत होतीस!"

"हो."

"मला आत्ता बोलायचं नाही," म्हणाली. आणि ठेवला.

बरोबर आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

३० जानेवारी, गुरुवार

फोन नाही. मीही केला नाही.

माझी नवी वायर उपसून काढली. उशिरा येणारा गेटमन द्यायचा नाही कोणाला. खोटाच तो.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज वाचनालयात गेले, पुस्तक परत द्यायला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुमचं ते वाचन अजून आठवतं हो. यंदा वाचाल का?" म्हटलं, नाही जमणार. "का?" म्हटलं, आवाज बसलाय. ऐकायला तर काही बसलेला नव्हता.

रविवारी मास्तरांना दारातच सांगायचं. फळीला हात लावायच्या आधी. "दोष शोधू नका. मी केलाय." एवढंच. पाच-सहा शब्द. सकाळपासून मशीनला ऐकवतेय, जसं ते पान ऐकवलं होतं. ते पान सोपं होतं.

पाटी लावतील का मग यांच्या नावाची? लावतील. दोष माझा आहे, त्यांचा नाही. पण पाटीकडे बघताना प्रत्येकाला मी आठवेन. तेही कबूल. यांचा निदान डाग निघेल — न सापडल्याचा.

संध्याकाळी लेकीचा निरोप. दोनच ओळी. "उद्या पहिल्या बसने येते. फळी आपण दोघी काढू. त्या लोकांनी काढायची नाही."

१ फेब्रुवारी, शनिवार

टेबल दोघींनी ओढलं. लेक अजून धड बोललेली नव्हती. तिने टॉर्च धरला, मी आठ स्क्रू काढले. फळी बाजूला केली.

चौदा नंबर जोडलेली आहे. सोल्डर करून, वर काळी प्लॅस्टिकची नळी चढवून. यांच्या हातचं काम, आरशासारखं. जोडाच्या पुढे एक छोटा स्विच, खाली पाडलेला. स्विचला दोऱ्याने बांधलेलं कार्ड.

बंद करणारा : मी.
तारीख : २२ ऑक्टोबर.
कारण : ही टॉर्च धरायला येते.
पुन्हा सुरू : ही सांगेल तेव्हा.

पाचव्याच दिवशी सापडलं होतं! तो फळीचा रविवार!

लेकीने दोनदा वाचलं. टॉर्च विझवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसाने ठेवावा तसा.

"सांग आई," म्हणाली. "मी बाहेर थांबते."

फरशीवर बसूनच यांना सांगितलं. मोठ्याने. कात्री पुसली तेसुद्धा.

मग कार्डाला हात न लावता स्विच वर केला आणि गाडी सोडली. गाडी यायच्या आधी तो बाहेर आला.